पाहिले तेवढेच

छत्तीस वर्षे मी मुलांच्या वह्या तपासल्या. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका, विरामचिन्हांचा गोंधळ, निबंधातील अतिशयोक्ती, यांपैकी काहीही माझ्या तांबड्या शाईतून सुटत नसे. एखाद्याने ‘वर्गात स्मशानशांतता पसरली’ असे लिहिले, की मी समासात विचारीत असे, ‘तू स्मशान पाहिले आहेस काय?’ मुले हसत आणि ते वाक्य खोडून टाकीत. सेवानिवृत्त झाल्यावर मी ती तांबडी शाई कायमची बाजूला ठेवली. पुढे कोणी माझीच वही हाती घेईल आणि तोच प्रश्न मला विचारील, असे तेव्हा माझ्या स्वप्नातही आले नव्हते. परंतु तसे घडले खरे. आणि घडले तेही आपल्या देशापासून हजारो मैल दूर, एका रानटी प्राण्याच्या निमित्ताने.

सन २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात मी माझ्या कन्येकडे सहा महिने राहण्यासाठी अमेरिकेला गेलो. शिकागो महानगराच्या वायव्येस शॉमबर्ग नावाचे उपनगर आहे, तेथे ती राहते. तिच्या घरामागे गवताची एक मोकळी पट्टी आहे आणि त्या पट्टीपलीकडे ‘बसी वुड्स’ नावाचे वन पसरले आहे. ओक आणि मेपल वृक्षांची दाटी, मधोमध विस्तीर्ण तलाव, काठाकाठाने चरणारे कॅनडा हंस आणि झाडीतून टकमक पाहणारी पांढऱ्या शेपटीची हरणे! एवढ्या मोठ्या शहराला लागून असे वन असावे, याचे मला मोठे नवल वाटले. शिकागो ज्या कुक काउंटीत मोडते, तिने १९१४ सालापासून अशी वने लोकांसाठी राखून ठेवली आहेत आणि त्यांचे क्षेत्र आज सुमारे ७०,००० एकर आहे, असे मला पुढे कळले. ओहेअर विमानतळाकडे जाणारी विमाने या वनावरून सारखी जात-येत असतात. वर विमानाची घरघर आणि खाली हरणाच्या पायाखाली वाजणारा पाचोळा, असा तेथील देखावा आहे.

तेथे पोचल्यावर दोन-चार दिवसांतलीच गोष्ट. रात्री झोप येत नव्हती. एकाएकी वनाच्या दिशेने एक लांबलचक हेल ऐकू आला. त्याला दुसऱ्याने साथ दिली, आणि पाहता पाहता किंचाळणे, भुंकणे, विव्हळणे यांचा असा कल्लोळ उठला की मी अंथरुणातून उठून बसलो. मला माझे बालपण आठवले. आमच्या गावी उसाच्या फडातून अशीच कोल्हेकुई उठत असे, आणि मी आजीच्या पांघरुणात शिरत असे.

सकाळी मी बारा वर्षांच्या माझ्या नातवाला म्हणालो, “काल रात्री तुमच्या वनात कोल्हे ओरडत होते बरे का!”

“आजोबा, ते कोल्हे नव्हेत, ते कायोटी,” तो म्हणाला.

कायोटी हा उत्तर अमेरिकेचा रहिवासी. आपल्या कोल्ह्याहून अंगाने मोठा आणि लांडग्याहून लहान. शिकागोच्या परिसरातील कायोटीचे वजन बहुधा ११ ते १६ किलोग्रॅम असते. रंग करडा-तपकिरी, कान उभे आणि टोकदार, शेपूट झुबकेदार. मेक्सिकोतील नहुआत्ल भाषा बोलणारे लोक त्याला ‘कोयोट्ल’ म्हणत; त्यावरूनच स्पॅनिश लोकांच्या मार्फत हे नाव सर्वत्र रूढ झाले. शास्त्रज्ञांनी १८२३ साली त्याला ‘कॅनिस लॅट्रान्स’, म्हणजे ‘भुंकणारा कुत्रा’, असे नाव दिले. ही माहिती नातवाने मला दिली आणि माझे कुतूहल जागे झाले. मी बाजारातून एक शंभरपानी वही आणविली आणि तिच्या पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिले: ‘रात्री १०.२०. वनातून आठ-दहा कायोटींचा ओरडा ऐकला.’

पुढे रोज सकाळी आम्ही दोघे आजोबा-नातू दुर्बीण घेऊन वनातील पायवाटेने फिरू लागलो. एका रविवारी वाटेच्या कडेला एक तरुणी गुडघे टेकून जमिनीवरील काहीतरी निरखीत बसली होती. तिच्या हातांत मोजे होते आणि शेजारी एक मोजपट्टी व कागदी पिशवी पडली होती. तिचे काही हरवले असावे, अशा समजुतीने मी विचारले, “काय हरवले आहे? आम्ही शोधू लागू का?”

ती हसून म्हणाली, “हरवले काहीच नाही. उलट सापडले आहे!”

जे सापडले होते, ते पाहून नातवाने नाक दाबले. ती कायोटीची विष्ठा होती! ही तरुणी एका महाविद्यालयात वन्य प्राण्यांचा अभ्यास करीत होती आणि रीतसर परवाना घेऊन या वनातील कायोटींविषयी माहिती गोळा करीत होती. विष्ठेत सापडणारे केस, हाडांचे तुकडे, फळांच्या बिया यांवरून प्राण्याने काय खाल्ले, ते कळते, असे तिने आम्हांला समजावून सांगितले. “प्राण्याला विचारता येत नाही,” ती म्हणाली, “म्हणून तो मागे जे ठेवून जातो, तेच वाचावे लागते.”

मी मोठ्या अभिमानाने माझी वही पुढे केली आणि पहिली नोंद तिला इंग्रजीत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले व विचारले, “आठ-दहा? आपण ते मोजले कसे?”

मी गडबडलो. “आवाजावरून वाटले तसे.”

“दोन कायोटी ओरडू लागले, तरी ऐकणाऱ्याला मोठी टोळी असल्यासारखे वाटते. ते सूर इतक्या झरझर पालटतात, की कान फसतो. आपण ऐकलात तो ओरडा. ‘आठ-दहा’ हे आपल्या मनाने त्यात घातले.”

मला त्या स्मशानाची आठवण झाली! छत्तीस वर्षे मी जो प्रश्न मुलांना विचारीत आलो, तोच माझ्यापुढे येऊन उभा राहिला होता. त्या मुलीने माझ्या वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ ओढली. डाव्या रकान्यावर नातवाने मराठीत लिहिले ‘पाहिले-ऐकले’ आणि उजव्या रकान्यावर ‘वाटले’. “उजवा रकाना वाईट नाही,” ती म्हणाली. “सगळे नवे प्रश्न त्याच्यातूनच निघतात. फक्त दोन्ही रकाने एकमेकांत मिसळू देऊ नयेत.”

त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. तीत मी विद्यार्थी होतो. कुत्र्याचे पाऊल रुंद व वाटोळे उमटते, कायोटीचे अरुंद व लांबट असते, आणि त्याच्या पुढील दोन बोटांच्या नख्या एकमेकींच्या जवळ दिसतात, हे मी शिकलो. पाळीव कुत्रा बर्फातून जाताना इकडेतिकडे बागडतो. कायोटी बहुधा सरळ रेषेत, पावलामागे पाऊल टाकीत जातो. तो आपली शक्ती उगाच खर्च करीत नाही. ठसा दिसला, की त्याच्याशेजारी मोजपट्टी ठेवून चित्र काढायचे, वेळ लिहायची, वारा व हवामान लिहायचे, आणि काहीच दिसले नाही, तर ‘काही दिसले नाही’ असेही लिहायचे. हा शेवटचा नियम मला सर्वांत कठीण गेला. चार चार दिवस ‘काही दिसले नाही’ असे लिहिताना माझी लेखणी कुरकुर करी.

शिकागोतील कायोटींच्या अभ्यासाची कथाही मला त्या मुलीकडूनच कळली. स्टॅन्ली गेर्ट नावाच्या शास्त्रज्ञांनी २००० साली या कामास प्रारंभ केला. काम वर्षभरात आटोपेल अशी तेव्हा कल्पना होती. ते दोन दशकांहून अधिक काळ चालले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक कायोटी पकडून, त्यांना खूण करून पुन्हा सोडून दिले. कित्येकांच्या गळ्यांत रेडिओचे गळपट्टे बांधले आणि रात्ररात्र मोटारीतून त्यांचा माग काढला. तेव्हा कोठे समजले, की हे प्राणी माणसांच्या घरांजवळ राहतात, पण माणसांना टाळण्यासाठी आपला व्यवहार रात्री उरकतात. कुटुंब करून राहणारा कायोटी सुमारे ५ चौरस किलोमीटरांच्या हद्दीत नांदतो. एकटा भटकणारा याच्या कितीतरी पट प्रदेश तुडवितो. रहदारीचा रस्ता ओलांडण्यापूर्वी तो थांबून मोटारींचा अंदाज घेतो. तरीही शहरातील कायोटींचा मोठा शत्रू मोटारगाडीच आहे. २३६ कायोटींच्या अनुवांशिक तपासणीतून २०१२ साली असेही दिसून आले, की नर आणि मादी एकमेकांशी पूर्ण एकनिष्ठ राहतात. शिकागोच्या भर वस्तीत, २००७ साली, एक कायोटी उघड्या दारातून खाद्यपदार्थांच्या दुकानात शिरला आणि थंड पेयांच्या बाटल्यांच्या कपाटात स्वस्थ जाऊन बसला. त्याने कोणालाही दुखापत केली नाही. हे ऐकून नातू पोट धरून हसला.

मला मात्र थोडे ओशाळल्यासारखे झाले. कोल्हा म्हटला की लबाड आणि लांडगा म्हटला की क्रूर, असेच मी आयुष्यभर शिकवीत आलो होतो. त्या गोष्टी गोड आहेत आणि त्या मुलांनी वाचाव्यात. पण त्या गोष्टींतील कोल्हा हा कोल्ह्याच्या कातड्यातील माणूसच असतो, हे सांगावयाचे माझ्याकडून राहूनच गेले होते.

जानेवारी उजाडला. पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरला, तलाव गोठून दगड झाला. आमच्या शेजारी एक वृद्ध बाई एकट्याच राहत. नोव्हेंबरात मी कानाला मफलर गुंडाळून हिंडताना पाहून त्यांनी मला स्वतः विणलेली लोकरीची टोपी आणून दिली होती. त्यांची करडी मांजर दोन दिवसांपासून दिसत नव्हती. रस्त्यावरच्या खांबाला त्यांनी तिचे चित्र लावले होते. तिसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी मी खिडकीशी उभा असताना गवताच्या पट्टीतून एक कायोटी वनाकडे लगबगीने जाताना दिसला. त्याच्या तोंडात काहीतरी होते. माझे हृदय धडधडू लागले. तीन महिन्यांत इतक्या जवळून मी त्याला पाहिले नव्हते. घाईघाईने वही उघडून मी लिहिले: ‘सकाळी ६.५०. कायोटी वनाकडे गेला. तोंडात करडी मांजर.’

उजवा रकाना मी कोराच ठेवला.

नातवाने ती नोंद वाचली आणि शाळेला जाता जाता त्या बाईंना सांगितली. सायंकाळी त्या आमच्याकडे आल्या. मराठी अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती. पण नातवाने दाखविलेल्या त्या ओळीवर त्यांनी आपले बोट ठेवले, आणि बराच वेळ तसेच ठेवले. मग काही न बोलता त्या गेल्या. थोड्या वेळाने खिडकीतून मला दिसले, त्यांनी खांबावरील मांजरीचे चित्र काढून घेतले होते.

बातमी आळीभर पसरली. येत्या रविवारी रहिवाशांची सभा भरणार होती. फासे लावणाऱ्या माणसाला बोलावून कायोटींचा बंदोबस्त करावा, असा ठराव तिच्यापुढे येणार होता. बंदोबस्त म्हणजे काय, हे मी विचारले. पकडलेला प्राणी बहुधा मारून टाकतात, असे उत्तर मिळाले. “तुम्ही वही घेऊन सभेला या,” एक गृहस्थ मला म्हणाले, “तुम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे, शिवाय तुम्ही मुख्याध्यापक होता. तुमच्या शब्दाला वजन आहे.”

शनिवारी ती संशोधक मुलगी भेटली. मी सारी हकीकत सांगितली. तिने मला दोष दिला नाही. नुसते प्रश्न विचारले. प्राणी किती अंतरावर होता? साधारण सत्तर पावलांवर. उजेड कसा होता? अंधुक. चष्मा होता काय? होता, पण काचेवर वाफ धरली होती. तोंडातील वस्तूचे शेपूट दिसले? नाही. पाय, कान? नाही. मग दिसले काय? मी डोळे मिटून आठवू लागलो आणि मला कळून चुकले, की मी पाहिले होते ते केवळ करड्या रंगाचे काहीतरी. मांजर हरवल्याचे मी ऐकले होते, म्हणून त्या करड्या रंगाची मी मांजर केली होती. ससाही करडाच असतो!

आम्ही त्या जागी गेलो. पण गुरुवारी पुन्हा बर्फ पडला होता. पांढऱ्या चादरीखाली सारे ठसे बुजून गेले होते. पुरावा कोणत्याच बाजूचा उरला नव्हता.

“कायोटी मांजरे खातात काय?” मी अखेर विचारले.

“येथील शास्त्रज्ञांनी विष्ठेचे १,४२९ नमुने तपासले होते,” ती म्हणाली. “शेकडा ४२ नमुन्यांत उंदरांसारखे कुरतडणारे प्राणी सापडले, २३ मध्ये फळे, २२ मध्ये हरीण, १८ मध्ये ससे. एका नमुन्यात अनेक वस्तू असतात, म्हणून बेरीज शंभराच्या वर जाते. मांजर सापडली ती शेकडा एका नमुन्यात.”

“म्हणजे त्याने मांजर खाल्ली नसावी!” मी सुटकेच्या स्वरात म्हणालो.

“शेकडा एक म्हणजे शून्य नव्हे,” ती म्हणाली. “खाल्ली असेल, नसेलही. आपल्याला ठाऊक नाही, एवढेच खरे.”

त्या रात्री मला झोप आली नाही. एक जुनी गोष्ट राहून राहून डोळ्यांपुढे येत होती. मी मुख्याध्यापक असताना शाळेच्या प्रयोगशाळेची काच फुटली होती. मी धावत गेलो, तेव्हा पटांगणात एक मुलगा हाती चेंडू घेऊन उभा होता. मी शिस्तीच्या वहीत लिहिले, ‘याने काच फोडली.’ तो वारंवार म्हणत होता, “सर, मी चेंडू फक्त उचलला.” मी ऐकले नाही. काच दुसऱ्याच मुलाने फोडली होती, हे सहा महिन्यांनी उघडकीस आले. परंतु तोवर तो मुलगा शाळा सोडून परगावी गेला होता. मी त्याला फक्त हातात चेंडू धरलेला पाहिले होते. काच फोडताना मी त्याला पाहिले नव्हते. ती नोंद माझ्या हस्ताक्षरात त्या वहीत आजही तशीच असेल.

रविवारी मी सभेला गेलो. पंचवीस-तीस माणसे होती. शेजारच्या बाई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. मला बोलण्यास सांगण्यात आले, तेव्हा माझे पाय लटपटत होते. एवढ्या वर्षांत हजारो मुलांपुढे बोलताना असे कधी झाले नव्हते. मी म्हणालो, “माझ्या वहीत ‘मांजर’ असा शब्द आहे. तो चुकीचा आहे. मी एक कायोटी पाहिला. त्याच्या तोंडात करड्या रंगाचे काहीतरी होते. ते काय होते, ते मला दिसले नाही. मांजर हा माझा तर्क होता आणि तो मी डोळ्यांनी पाहिल्यासारखा लिहिला. याबद्दल मी आपली क्षमा मागतो.” एवढे बोलून मी सर्वांदेखत तो शब्द खोडला.

सभेत कुजबुज झाली. ज्यांनी मला बोलाविले होते, त्या गृहस्थांनी नाराजीने मान फिरविली. पुष्कळ चर्चा झाली. एक जोडी मारली, तर मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरी येऊन राहते, हेही त्या संशोधक मुलीने सभेला सांगितले. शेवटी फासे लावण्याचा ठराव बाजूला राहिला. घराबाहेर अन्न ठेवू नये, मांजरे रात्री घरात घ्यावीत, कायोटी अगदी जवळ आलाच तर मोठ्याने ओरडून, टाळ्या वाजवून त्याला हुसकावून लावावे, असे ठरले.

मला मात्र सभेची चिंता नव्हती. चिंता होती त्या बाईंची. मी त्यांच्या दाराशी गेलो. त्या म्हणाल्या, “माझ्या मांजरीचे काय झाले, ते मला कळायला हवे होते. तुमच्या वहीने ते सांगितले, म्हणून मी रडून घेतले आणि मन घट्ट केले. आता तुम्ही म्हणता, ते ठाऊक नाही. आता मी काय करू?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. एका शब्दाने मी त्यांना दोनदा दुःख दिले होते. एकदा लिहून आणि एकदा खोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चित्र पुन्हा खांबावर दिसू लागले. त्यांच्या दारावरचा दिवा रात्रभर जळत राहू लागला.

ती मांजर परत आली नाही. तिचे काय झाले, ते मला आजही ठाऊक नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी गोठलेल्या तलावावरून दोन कायोटी मागे-पुढे जाताना आम्ही पाहिले. पुढचा थांबला, की मागचाही थांबे. मध्येच पुढच्याने मान वळवून मागे पाहिले आणि मग दोघे सूर्याच्या दिशेने झाडीत नाहीसे झाले. मी डाव्या रकान्यात लिहिले, ‘दोन कायोटी. ७.३५. तलावावर.’ उजव्या रकान्यात लिहिले, ‘जोडी असेल काय?’ मार्चमध्ये बर्फ वितळला, हंस घरटी करू लागले. आता एकच कायोटी दिसे, आणि तोही सदा घाईत. मादी सुमारे ६३ दिवसांनी विते आणि या भागात पिल्ले एप्रिलमध्ये होतात, असे त्या मुलीने सांगितले होते. झाडीत कोठेतरी बीळ असावे, असे मला वाटे. पण बिळाजवळ माणसाने जाऊ नये, म्हणून आम्ही शोधले नाही.

माझा परतण्याचा दिवस जवळ आला. एका सायंकाळी मी लोकरीची टोपी घालून वनातून येत होतो. शेजारच्या बाई अंगणात उभ्या होत्या. त्या सभेनंतर त्या माझ्याशी फारशा बोलल्या नव्हत्या. आज मात्र त्यांनी हाक मारून विचारले, “आज काय पाहिलेत?”

“काही पाहिले नाही,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलविली, आणि त्यांच्या मुद्रेवर हसू उमटले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी मायदेशी परतलो. निघताना ती वही नातवाच्या स्वाधीन केली. तिच्यातील माझी अखेरची नोंद अशी होती: ‘पिल्ले पाहिली नाहीत.’ मला त्याची थोडी रुखरुख लागून राहिली.

मे महिन्याच्या अखेरीस नातवाचे पत्र आले. अक्षर वेडेवाकडे, ऱ्हस्वदीर्घ तर सारेच चुकलेले. पण माझा हात तांबड्या शाईकडे गेला नाही. त्यात लिहिले होते:

‘आजोबा, आज सकाळी ६.१५ ला पायवाटेवरून दुर्बिणीने पाहिले. वारा नव्हता. गवतात कायोटीची तीन पिल्ले खेळत होती. आणखीही असतील, पण मी तीनच पाहिली.’